मेलबॉक्समधलं वाण

लहानपणी मला घरी भित्री भागूबाई म्हणायचे, आणि त्यात काही चूक नव्हतं. कुलूप लावून निघालं तरी मी परत वळून ते ओढून बघायची. अमेरिकेत आल्यावर हा स्वभाव सुधारेल असं माझ्या नवऱ्याला वाटत होतं. उलट इथे माझ्या भीतीला चांगलाच खुराक मिळाला. दोघंही वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डाचा अर्ज कित्येक वर्षं रांगेत आणि फोनवर रोज नवी बातमी. कुणाचा जुन्या सिग्नलच्या दंडावरून व्हिसा गेला, कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरूनच परत पाठवलं. त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. मी सगळंच खरं धरून चालायची.

नवरा माझ्या अगदी उलट. "काही होत नाही यार" हे त्याचं सगळ्यावरचं औषध. इथल्या ईडन प्रेरी गावात घर घेताना मी रडकुंडीला आले होते, उद्या नोकरी गेली आणि देश सोडावा लागला तर घराचं काय करायचं म्हणून. तो म्हणाला होता, तेव्हाचं तेव्हा बघू. आमच्या घरात घाबरायचं खातं माझ्याकडे आणि धीर द्यायचं त्याच्याकडे, असं वाटून घेतलेलं होतं.

माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई नाशिकहून आल्या, नोव्हेंबरात. सासऱ्यांना थंडी सोसत नाही म्हणून ते मागेच राहिले. सासूबाई म्हणजे भीती कशाशी खातात हे ठाऊक नसलेली बाई. विमानतळावर कस्टमच्या माणसाने डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी डबा उघडून डिंकाचा लाडू त्याच्यापुढे धरला होता. मला हे नंतर कळलं आणि नंतर कळूनही मी तीन-तीनदा विचारलं, त्याने काही लिहून तर घेतलं नाही ना. पण माझी मुलगी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तिला असं काही घेतलं, की दवाखान्यातून आल्यापासून धरून ठेवलेलं रडं मी तिथेच रडून घेतलं. सासूबाईंवर माझा फार जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते.

इथे आल्यावर त्यांची एकच तक्रार होती, माणसं दिसत नाहीत. हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर खरंच कुणी दिसत नाही. गराजचं दार उघडतं, गाडी बाहेर पडते, दार बंद होतं. गाडीत माणूस होता हे गृहीत धरायचं. तरी त्या रोज दुपारी ऊन बघून फिरायला जायच्या. पाचवारी साडी, खाली बर्फाचे बूट, वर नवऱ्याचं जुनं जाड जॅकेट, डोक्याला माकडटोपी आणि तिच्यावरून मफलर. नाक आणि चष्मा तेवढा बाहेर. परत आल्या की कुठल्या घरापुढे किती बर्फ उपसलाय आणि कुणाच्या खिडकीत मांजर बसलंय याची बातमी सांगायच्या. त्या मांजराची आणि त्यांची ओळख झाली होती, माणसांची व्हायची होती.

जानेवारीत संक्रांत आली. मुलीची पहिलीच संक्रांत, त्यामुळे काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरन्हाण, सगळं झालं. गावातली ओळखीची मराठी कुटुंबं आली, बायकांना हळदीकुंकू लावून वाण लुटलं, पोरांनी इंग्रजीत भांडत कुरमुरे आणि चॉकलेटं वेचली. बोरं मिळाली नव्हती, त्यांच्या जागी द्राक्षं टाकली. तिळाच्या वड्या सासूबाईंनी नेहमीच्या हिशोबाने केल्या होत्या, म्हणजे नाशिकच्या त्यांच्या सबंध कॉलनीला पुरतील इतक्या. त्या उरल्या.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी वर मुलीला घेऊन पडले होते. सासूबाईंनी खालून सांगितलं, फिरून येते आणि जाता जाता तिळगूळ वाटून येते. रस्त्याच्या टोकाला एक मराठी जोडपं राहतं, त्यांच्याकडे जात असतील असं समजून मी हो म्हटलं. तासाभराने त्या आल्या, नाक लाल झालेलं आणि चेहरा एकदम खुश. स्वतःच आल्याचा चहा टाकला, मलाही दिला. मुलगी झोपली होती, बाहेर ऊन होतं. त्या दिवसातला माझा तेवढाच काय तो निवांत वेळ.

चहा संपता संपता फोन वाजू लागला. आमच्या वस्तीचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात एरवी हरवलेली कुत्री आणि बर्फ काढणाऱ्यांचे दर एवढंच असतं. आज एक फोटो होता. प्लॅस्टिकची छोटी पारदर्शक पिशवी, तिच्यात काहीतरी पांढरं काटेरी आणि दोन कागदी पुड्या. एक पुडी फुटून लाल पावडर पिशवीभर पसरलेली. खाली लिहिलं होतं की पोस्टमनला आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच मेलबॉक्सेसमध्ये या पिशव्या सापडल्या आहेत, कुणीही हात लावू नका, पोलिसांना कळवलं आहे.

मी फोटो मोठा करून पाहिला. पुडीच्या कागदावर मराठीत 'पौष' छापलेलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान.

मी सासूबाईंना विचारलं, तिळगूळ कुठे कुठे वाटला. त्यांनी कौतुकाने सगळं सांगितलं. बेल वाजवून उपयोग नाही हे त्यांना आधीच ठाऊक होतं, कारण दार उघडत नाही आणि भिंतीतलं बटण इंग्रजीत बोलतं. पण प्रत्येक घरापुढे रस्त्याच्या कडेला खांबावर एक डबा आहे. त्याला घराचा नंबर आहे, झाकण आहे, कुलूप नाही. त्यांच्या कॉलनीत प्रत्येक दाराच्या कडीला दुधाची पिशवी टांगलेली असते आणि शेजारीपाजारी तीत काहीही ठेवतात. कढीपत्ता, सत्यनारायणाचा प्रसाद, उसनी आणलेली वाटी. बाहेर पिशवी टांगली आहे म्हणजे ठेवायला परवानगी आहे, हा तिथला कायदा. तसाच हा डबा. म्हणून त्यांनी प्रत्येकात तिळाची वडी, हलवा आणि हळदीकुंकवाच्या पुड्या ठेवल्या.

"आणि घरच्यांच्या लक्षात यावं म्हणून त्या डब्यांचे लाल झेंडे पण वर करून आले," त्या म्हणाल्या.

तो झेंडा घरच्यांसाठी नसतो. आपल्याला पत्र पाठवायचं असेल तेव्हा ते आपल्याच पेटीत ठेवून झेंडा वर करायचा, म्हणजे पोस्टमन थांबून उचलून नेतो. सासूबाईंनी सबंध रस्त्यावरचे झेंडे वर केले होते, म्हणजे पोस्टमनला घरोघर थांबून पेटी उघडायचं आमंत्रणच दिलं होतं. त्याने पहिली उघडली असेल आणि त्याच्या हातमोज्यावर कुंकू सांडलं असेल. या देशात एके काळी टपालाच्या पाकिटांतून जीवघेण्या जंतूंची पावडर आली होती आणि माणसं मेली होती. हे सासूबाईंना कुठून ठाऊक असणार.

मी नवऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून तो नेहमीचं वाक्य म्हणेल याची मी वाट बघत होते. त्याने आधी ऑफिसातलं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाला, "कुणाला काही सांगू नकोस. ब्लाइंड्स खाली कर. मी निघतोय."

मला खरी भीती वाटली ती तेव्हा. त्याच्या धीराच्या जोरावर मी इतकी वर्षं घाबरत आले होते.

ग्रुपवर पुढचे मेसेज येतच होते. कुणी लिहिलं, माझ्या लहान मुलाने हात लावला असता तर? कुणी लिहिलं, आजची टपालाची फेरीच थांबवली आहे, माझी औषधं टपालाने यायची होती. मग एकाने दारावरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ टाकला. बर्फातून एक ठेंगणी आकृती येते, तोंड पूर्ण झाकलेलं, अंगात ढगळ जॅकेट. मेलबॉक्स उघडते, आत हात घालते, झेंडा वर करते, आजूबाजूला बघते आणि पुढच्या घराकडे जाते. आजूबाजूला बघते ती गाडी येतेय का म्हणून, हे मला माहीत. बघणाऱ्याला वाटावं की चोरच आहे. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणणारी बाई त्या व्हिडिओत मलाही ओळखू आली नसती.

पोलिसांची गाडी रस्त्यावर आली. ब्लाइंड्सच्या फटीतून मी बघत होते. एक पोलीस घरोघर बेल वाजवत येत होता आणि आमच्याकडेही येणार हे उघड होतं. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. सासूबाईंना गाडीत घालतील. त्यांचा व्हिसा रद्द होईल. एप्रिलपर्यंतची मुदत राहिली बाजूला, पुढेही त्यांना कधी येऊ देणार नाहीत, नातीला त्या फोनवरच बघतील. मग आमच्या अर्जावर कुणीतरी शेरा मारेल. मला वाटत होतं की आमचं इथलं सगळं त्या लाल पुडीतून सांडून चाललंय.

बेल वाजली. सासूबाई उठल्या आणि पदर नीट करून दाराकडे निघाल्या. "मीच ठेवलंय, तर मीच सांगते ना त्याला. चोरी थोडीच केलीय," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा दंड धरला. बराच घट्ट धरला असावा, कारण त्या एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मी मानेनेच नको म्हटलं. बेल पुन्हा वाजली. वर मुलगी जागी झाली आणि कुरकुरायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार आणि घरात माणसं आहेत हे त्याला कळणार. ती रडली नाही. पायऱ्या उतरून गेलेल्या बुटांचा आवाज आला. मी दंड सोडला, पण सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"एवढं काय झालंय?" त्यांनी विचारलं.

मग मला सांगावं लागलं. व्हिसा, अर्ज, पावडर, व्हिडिओ, सगळं. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी पाटावरचे उरलेले तिळगूळ डब्यात भरले आणि तो डबा फडताळात अगदी मागे ठेवला.

नवरा आला तो गावातल्या एका काकांना घेऊनच. हे काका डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. ते इथे आले तेव्हा हळद आणायलासुद्धा दुसऱ्या राज्यात जावं लागायचं. आमच्यासारख्या सगळ्यांचं अडलंनडलं त्यांच्याकडेच जातं. त्यांनी आधी चहा मागितला, मग कायदा सांगितला. पेटी आपण विकत आणतो, खांब आपण रोवतो, पण तिच्या आत तिकीट लावलेल्या टपालाशिवाय काही ठेवायचं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्याही ठेवायचं नाही. देशभराचा कायदा आहे, मोडला तर दंड होऊ शकतो. दारात ठेवा, कडीला अडकवा, पेटीत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या गणपतीचं आमंत्रण त्यांनी स्वतःच गल्लीभर पेट्यांत टाकलं होतं, तेव्हा पोस्टातून फोन आला होता आणि प्रत्येकाचं तिकीट भरावं लागलं होतं.

"पण ती पत्रिका होती," नवरा म्हणाला. "ही पावडर आहे, काका."

"म्हणूनच आजच सांग. कॅमेऱ्यातून त्यांना कळेल तेव्हा लपवलं असं दिसेल. आपणहून सांगितलंस तर आजीने गोड वाटलं असं दिसेल."

नवरा ऐकेना. नाव नोंदवलं जाईल, कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये कायमचं राहील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हे सगळं एरवी मी बोलायची आणि तो हसायचा. सासूबाई सोफ्याच्या कडेला बसून कधी याच्याकडे, कधी काकांकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मुलाला विचारलं, "माझ्यामुळे तुमचं घर जाईल का रे?" तो फोन घेऊन उठला आणि त्याने पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर लावला. बोलताना दुसऱ्या हाताने त्याने खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलीस अधिकारी आला, तरुण होता. बूट काढू का म्हणून त्याने विचारलं. काका मुद्दाम आलेच होते. आम्ही त्याला हळदीकुंकवाचा करंडा दाखवला, बोरन्हाणाचे फोटो दाखवले, तिळाच्या वड्या दाखवल्या. त्याने सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख लिहून घेतली, पासपोर्ट बघितला. तो पानं उलटत होता तेवढा वेळ मी त्याच्या पेनाकडे बघत होते, आणखी काय लिहितोय ते. सासूबाईंनी हात जोडून धरले होते. तो गैरसमजाने घाबरेल म्हणून मी खुणेने ते खाली करायला सांगितले, तर त्यांनी घाईघाईने पदराखाली लपवले. मग तो म्हणाला की प्रकरण मिटलं. पोस्टालाही तो कळवेल. पुढच्या वेळी पेटीत ठेवू नका, दारावर टकटक करा, लोकांना आवडेल. जाताना त्याने मुलीच्या पायाला हात लावून हॅलो म्हटलं.

ग्रुपवर संध्याकाळपर्यंत खुलासा झाला. नातीसाठी भारतातून आलेल्या एका आजीने सणाचं गोड वाटलं होतं, काळजीचं कारण नाही. खाली हसरे चेहरे आले, लाल बदामही आले. जीव भांड्यात पडला, निदान माझा तरी. काका निघताना म्हणाले की महिन्याभरात तुम्ही हा किस्सा सगळ्यांना सांगून हसवाल. मला ते पटलं होतं. आठवडाभर मी तसं वाक्यही मनात जुळवत होते.

सासूबाई मात्र त्या आठवड्यात फिरायला गेल्या नाहीत. थंडी वाढलीय म्हणाल्या, आणि ती वाढलीच होती. दुपारी त्या खुर्ची ओढून पुढच्या खिडकीशी बसायच्या, नातीला मांडीवर घेऊन. मांजर दिसलं की तिला दाखवायच्या. बेल वाजली, अगदी सामान ठेवून जाणाऱ्याची वाजली तरी, मुलीला उचलून आतल्या खोलीत जायच्या. मी पाहिलं होतं. चार दिवसांत होईल ठीक, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, हो, होईल.

त्या शनिवारी त्या पोळ्या करत होत्या. बेल वाजली आणि नवऱ्याने दार उघडलं. समोरच्या घरातली म्हातारी बाई आली होती. तिला आम्ही आजवर गाडीच्या काचेतूनच हात केला होता. तिच्या हातात विणलेली एक छोटी टोपी होती, बाळासाठी. फेरी थांबवल्यामुळे पोस्टमन त्या दिवशी तिच्या पेटीपर्यंत पोचला नव्हता, मग झाकण बर्फाने घट्ट बसलं, आणि पिशवी तिला आत्ता मिळाली होती. आतलं गोड तिने खाल्लं होतं. तिचा नवरा वारल्यापासून कुणी आपल्या दारात काही आणून ठेवलं नव्हतं, असं ती म्हणाली. तुझ्या आईला भेटून थँक यू म्हणायचं आहे, भेटता येईल का?

स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये एक भिंत आहे फक्त. मी आतून बघत होते. सासूबाईंना बाईचा आवाज कळला, 'मदर' कळलं, 'थँक यू' कळलं. या वेळी त्या आतल्या खोलीत गेल्या नाहीत. त्यांनी गॅस बारीक केला. पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, केसांवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं. त्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा इंग्रजीत म्हणाला, "आई नाहीये. ती परत इंडियाला गेली, मागच्या आठवड्यात."

'मदर' आणि 'इंडिया' त्यांना कळलं, आणि त्या जिथल्या तिथे थांबल्या. बाहेर ती बाई अरेरे म्हणाली, टोपी दिली, मुलीची चौकशी केली आणि गेली. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला. मी गॅस बंद केला.

नवरा दार लावून आत आला आणि आईला समोर बघून उभाच राहिला. तोंडातून निघून गेलं, असं काहीसं तो म्हणाला. पुन्हा नाव काय, कधी आली, किती दिवस राहणार, अशी चौकशी नको असं वाटलं एकदम, कळलंच नाही. सासूबाई चिडल्या नाहीत. असू दे रे, म्हणाल्या. त्याच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, टाके छान आहेत म्हणाल्या. मग पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकीशी ठेवलेली खुर्ची उचलली आणि आत भिंतीला लावली.

"म्हणजे आता एप्रिलपर्यंत मी खिडकीत पण दिसायला नको ना?" त्यांनी विचारलं. दार बंद होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी त्या कुजबुजत होत्या.

मी म्हणाले, "नको, आई."